पाण्यातला दुसरा मनोरा

दाढ रात्रभर ठणकते आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्याबरोबर गप्प होते. सायकलची चेन गावभर करकरते आणि दुरुस्तीवाल्याने चालवून पाहिली की लोण्यासारखी फिरते. बिघडलेल्या वस्तूंना दुरुस्त करणाऱ्यांची लाज वाटते की काय, कोण जाणे. काळबेटावरचं इंटरनेट याच जातीचं होतं, आणि त्यातही अट्टल.

काळबेट म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं लहानसं बेट. समोरच्या किनाऱ्यावर एक उंच मनोरा होता. तिथून रेडिओलहरी निघायच्या, खाडीच्या पाण्यावरून उडत यायच्या आणि बेटावरच्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या अँटेनात (लहरी टिपणाऱ्या आणि फेकणाऱ्या थाळीत) शिरायच्या. टाकीखालचा राउटर (आलेला निरोप कोणत्या घरी पोचवायचा ते ठरवणारी पेटी) मग तो माल घरोघर वाटायचा. खाडीच्या तळातून केबल टाकायचा प्रयत्न पूर्वी झाला होता. होड्यांच्या नांगरांनी ती तोडली, पुन्हा टाकली, पुन्हा तोडली, तेव्हा लोकांनी नाद सोडला.

तर हे नेट अधूनमधून मरायचं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्री. तासभर मेलेलं राहायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात परत यायचं. काही दिवस रोज जायचं, आणि मग आठवडाभर अगदी शहाण्यासारखं वागायचं. तक्रार गेली की नेटवर्क कंपनीचे इंजिनिअर इरफान मुकादम यायचे, टाकीवर चढायचे, यंत्र लावून बघायचे, आणि नेट ठणठणीत असायचं. पाच वर्षांत मुकादमांना ते एकदाही मेलेलं सापडलं नव्हतं.

नीरजा तांडेलच्या घरात या नेटवर सगळ्यांत जास्त राग होता तो तिच्या आईचा. आई बेटावरच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती. कोणाची छाती दुखली, कोणाचं बाळ अडलं, की ती पडद्यावरून शहरातल्या डॉक्टरांना विचारायची, आणि नेमकं डॉक्टर औषध सांगत असताना पडदा काळा व्हायचा. नीरजाचा राग तेवढा टिकाऊ नव्हता. ती अकरा वर्षांची होती आणि तिच्या पायाला भिंगरी होती. पडद्यावरचा वर्ग बंद पडला की ती तडक धक्क्यावर पळायची आणि तिथल्या पायरीवरून पाण्यात उडी मारायची. बाबा खोल समुद्रातल्या बोटीवर, आई उपकेंद्रात, मग अडवणार कोण? आजोबा होते, पण आजोबांना ओरडता येत नव्हतं.

आजोबा, म्हणजे वासुदेव तांडेल, आयुष्यभर दीपगृहाच्या रेडिओखोलीत काम केलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डोकं पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, जीभ मात्र जड झाली. तोंडून शब्दांचे तुकडे यायचे. भेटायला आलेले लोक न कळताच "हो हो, बरोबर" म्हणून माना डोलवायचे, आणि आजोबांना त्याचा इतका संताप यायचा की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

त्यांना भिंतीकडून परत वळवलं ते कुर्लीने. कुर्ली हा घरचा संगणक. आजारी पडण्यापूर्वी आजोबांनी आणि नीरजाने मिळून त्याला सहा पाय लावले होते. तो खेकड्यासारखा तिरका चालायचा, म्हणून त्याचं नाव कुर्ली पडलं, आणि नाव पडल्यावर 'तो'ची 'ती' झाली. कुर्लीने कधी मान डोलावली नाही. कळलं नाही तर ती सरळ म्हणायची, "कळलं नाही. पुन्हा म्हणा." दिवसभर, महिनेच्या महिने तिने असं विचारलं, आणि लहान मूल घरची भाषा शिकतं तशी ती आजोबांचं बोलणं शिकली. आजोबा तुकडे बोलायचे आणि कुर्ली त्यांचं पुरं वाक्य करून सांगायची. आजोबा पुन्हा रागावू लागले, चेष्टा करू लागले, नीरजाच्या गणितातल्या चुका काढू लागले.

आणि आज कुर्लीची सगळी आठवण पुसून टाकायला माणसं येणार होती.

त्या दिवशी सकाळी नीरजाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. ती उठली, दारात गेली, परत आली, पुन्हा दारात गेली.

"बस गं बाय एका जागी," आई म्हणाली. "तुझ्या फेऱ्या मोजून मलाच घेरी यायला लागली."

"आई, तू आजच्या सभेत बदलाच्या बाजूने हात वर करणार आहेस?"

आईने तव्यावरची भाकरी उतरवली. "परवा ती मोहिते वहिनी अडली होती. डॉक्टर सांगत होते आणि मध्येच नेट गेलं. पुढचं मी अंदाजाने केलं. सगळं नीट झालं म्हणून बरं. मला पुन्हा अंदाजाने काही करायचं नाही, नीरू."

नीरजाला आईचं म्हणणं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त रडू येत होतं.

झालं होतं ते असं. नेटवर्क कंपनी आणि घरोघरच्या संगणकांची व्यवस्था पाहणारी कंपनी, या दोघींत वर्षभर वाद चालला होता. ही म्हणायची तुमचे संगणक बिघडलेत, ती म्हणायची तुमच्या थाळ्या बिघडल्यात. शेवटी दोघींनी एकत्र बसून विचार केला आणि दोघींचंही एकमत झालं, की दोष बेटावरच्या लोकांनी जपलेल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. कोणती वस्तू कोणत्या फडताळात ठेवायची, दार वाजलं तर कोणी उघडायचं, दोघं एकदम बोलले तर आधी कोणाचं ऐकायचं, हे घरातलं एक कर्तं माणूस ठरवतं. संगणकाच्या पोटात तेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. कुर्लीत 'घरटं' नावाची सिस्टिम होती. ती शिकलेलं सगळं घरातच, कुर्लीच्याच पोटात ठेवायची. आता तिच्या जागी 'सुलभ' येणार होती. सुलभचा सगळा मेंदू दूर शहरात. घरातल्या पेटीला नुसते कान आणि तोंड. जुनी सिस्टिम पुसल्याशिवाय नवी बसत नव्हती, आणि एका घरात जरी जुनी राहिली तरी सगळ्या बेटाचं नेट पडेल, असं कंपनीचं म्हणणं होतं.

समाजमंदिरात माणसं जमली तेव्हा नीरजाने आजोबांची चाकाची खुर्ची अगदी पुढे नेऊन लावली. कुर्ली खुर्चीच्या हातावर पाय रोवून बसली होती. समोर टेबलावर सुलभची पांढरीशुभ्र पेटी. टेबलामागे मुकादम आणि संगणक कंपनीच्या अधिकारी प्रणाली कोठारे. कोठारेबाई सारख्या घड्याळ पाहत होत्या, आणि त्यालाही कारण होतं. किनाऱ्यावरून काळबेटाला येणारा रस्ता ही खाडीतली एक ठेंगणी फरशी होती. ओहोटीला तिच्यावरून गाडी यायची, भरतीला फरशी पाण्याखाली जायची. अमावास्या परवाच झाली होती. उधाणाचे दिवस, पाणी लवकर आणि खूप चढणार.

"आपण पटकन सुरुवात करू," कोठारेबाई म्हणाल्या. "फरशी बुडायच्या आत मला निघायचंय. पेट्या बसवायला आमची माणसं उद्या येतील. आज फक्त होकार हवा, आणि एका जुन्या संगणकावर नमुना म्हणून बदल करून दाखवते."

त्यांची नजर कुर्लीकडे गेली. नीरजाने कुर्लीवर हात ठेवला.

आजोबा बोलू लागले. "मु… का… कधी… मे…"

"आजोबा विचारतायत," कुर्ली स्पष्ट आवाजात म्हणाली, "मुकादम, तू हे नेट मेलेलं कधी पाहिलंयस का?"

मुकादम ओशाळं हसले. "नाही ना आबा. तेच तर. मी येतो तेव्हा सगळं छान असतं. थाळी छान, राउटर छान. म्हणून तर म्हणतो, घोळ घरातल्या संगणकांत असणार."

आजोबांनी पुन्हा काही तुकडे टाकले.

"आजोबा विचारतायत, तू कधी येतोस?"

"वेळ मिळेल तेव्हा. कधी सकाळी, कधी दुपारी. ठरलेलं असं काही नाही."

आजोबांनी मान हलवली आणि नीरजाकडे पाहिलं. त्यांना उत्तर माहीत असलं की ते असेच पाहायचे, आणि सांगायचे मात्र नाहीत. गणितातही त्यांचा हाच छळ होता. वेळ कुठे आहे आता कोडी घालायला? मागे लोक कुजबुजत होते. बाहेर कोठारेबाईंच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती उठून खिडकीपाशी गेली. फरशीच्या दोन्ही बाजूंना पाणी चढत होतं. आता हा चिखल झाकला जाईल, मग फरशी, मग धक्क्याच्या पायऱ्या.

चिखल.

नेट गेलं की ती धक्क्यावर पळायची. पळाली की उडी मारायची. आजवर इतक्या उड्या मारल्या, पण उडी मारायला गेली आणि खाली चिखल निघाला, म्हणून हात हलवत परत आली, असं एकदाही झालं नव्हतं. नेट गेलं की पाणी वरच्या पायरीला लागलेलं असायचंच.

"मुकादमकाका," ती खिडकीतूनच म्हणाली, "तुम्ही बेटावर होडीने कधी आलाय?"

"होडी मला लागते बेटा. उलट्या होतात. मी आपला फरशीवरून येतो."

"म्हणजे ओहोटीलाच येता. नेहमी. आणि नेट जातं भरतीला. तुम्ही येता तेव्हा ते बरं असतं असं नाही, ते बरं असतं तेव्हाच तुम्हाला येता येतं."

मागून एका होडीचा नाखवा हळूच म्हणाला, "आयला." दर्याची नस ओळखणारी ही माणसं. पण भरती आली की होड्या आत घ्यायला सगळे धक्क्यावर. त्या वेळी संगणकापुढे बसणार कोण? बसायची ती शाळेतली पोरं आणि नीरजाची आई, आणि त्यांचं लक्ष पडद्यावर. त्यातून भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी फार चढत नाही, तेव्हा नेट जायचंच नाही. मेळ बसणार कसा?

"पण बाळ," कोठारेबाई म्हणाल्या, "पाण्याचा आणि नेटचा काय संबंध? थाळी उंच टाकीवर आहे. ती काही भिजत नाही."

"ते मला माहीत नाही," नीरजा म्हणाली. "पण तुम्ही थांबा. फरशी बुडू द्या. भरती पुरी होईपर्यंत थांबा आणि बघा."

"म्हणजे दुपार ढळेपर्यंत मी इथे अडकणार. शहरात माझी बैठक आहे."

तेव्हा आई उठली. नीरजाला वाटलं, संपलं आता. आई म्हणाली, "बाई, मला नेट हवंय. त्यासाठी कुर्ली द्यावी लागली तर मी काळजावर दगड ठेवून देईन. पण ती देऊन नेट मिळणार आहे का, ते आधी मला दिसलं पाहिजे. एवढी वर्षं तुमच्यातलं कोणी भरतीला इथे थांबलं नाही. आज थांबा. जेवायला माझ्याकडे या."

मुकादमांनी बूट काढले आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले. कोठारेबाईंनी ड्रायव्हरला फोन करून गाडी पलीकडे न्यायला सांगितलं.

पुढचा वेळ नीरजाच्या आयुष्यातला सगळ्यांत लांबलचक वेळ होता. फरशी दिसेनाशी झाली. मुकादमांच्या हातातल्या मापकयंत्रावर (लहरी किती जोरात येतात ते दाखवणाऱ्या यंत्रावर) एक हिरवी रेघ होती. नीरजा रेघेकडे पाही, खिडकीकडे पाही, पुन्हा रेघेकडे पाही. पाणी चढत होतं आणि रेघ पडायच्या ऐवजी उलट वर जात होती.

"पाणी वाढतंय आणि जोडणी सुधारतेय," कोठारेबाई म्हणाल्या. त्या रागाने बोलल्या असत्या तर नीरजाला बरं वाटलं असतं. त्या कीव करून बोलल्या.

नीरजा आजोबांपाशी धावली. "आजोबा, असं काय होतंय? माझं चुकलं का?"

आजोबा चक्क हसत होते. ते बोलत राहिले आणि कुर्ली सांगत राहिली.

"आजोबा म्हणतायत, चुकलं नाही. आधी चढणार, मग पडणार. तू संध्याकाळी धक्क्यावर बसतेस तेव्हा किती सूर्य दिसतात?"

"एकच. म्हणजे, एक आकाशात आणि एक पाण्यात, हलणारा."

"आजोबा म्हणतायत, तसेच आपल्या टाकीवरच्या थाळीला दोन मनोरे दिसतात. एक किनाऱ्यावरचा खरा आणि दुसरा पाण्यातला, उलटा. मनोऱ्यातून निघालेल्या काही लहरी सरळ येतात. काही खाली पाण्यावर आपटून, उसळून येतात. दोन्ही एकाच थाळीत शिरतात."

"मग दुप्पट जोर मिळायला हवा," मुकादम पुढे वाकून म्हणाले.

"आजोबा म्हणतायत, कधी मिळतो, कधी शून्य मिळतो. नीरू, मुकादमांना झोपाळ्यावर बसव."

समाजमंदिराच्या ओसरीत लाकडी झोपाळा होता. मुकादम त्यावर बसले. आजोबांच्या सांगण्यावरून नीरजा आणि तिची आई झोपाळ्यामागे शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. झोपाळा मागे येऊन पुढे निघाला की दोघींनी एकदमच ढकलायचं. झोपाळा इतका उंच गेला की मुकादमांनी साखळ्या घट्ट धरल्या. मग कुर्ली म्हणाली, "आता नीरूने झोपाळा पुढे जाताना ढकलायचं आणि त्याच वेळी आईने मागे ओढायचं. दोघींनी सारख्याच जोराने." दोघींनी पुष्कळ जोर लावला, घामही आला, आणि झोपाळा हलता हलता जागच्या जागी थांबला.

"लहर म्हणजे असेच झोके," कुर्ली आजोबांच्या वतीने म्हणाली. "वर, खाली, वर, खाली. सरळ आलेली लहर वर जात असताना उसळून आलेलीही वर जात असेल तर दोन्ही मिळून जोर वाढतो. एक वर जाताना दुसरी खाली येत असेल तर दोघी एकमेकींना मारतात. लहरी दोन्ही पोचल्या, पण हाती काही नाही."

"याला व्यतिकरण म्हणतात," कोठारेबाई हळूच म्हणाल्या. "दोन लहरी एकमेकींत मिसळून वाढणं किंवा विरणं. मी शिकले होते. परीक्षेपुरतं."

"पण भरतीने काय बदलतं?" नीरजाने विचारलं. उत्तर द्यायला आजोबांनी तोंड उघडलं, पण तिचं तिलाच सुचू लागलं होतं आणि तिला आता थांबवत नव्हतं. "उसळून येणारीला पाण्यापर्यंत खाली जाऊन वर यावं लागतं. पाणी खाली असलं की वळसा जास्त. पाणी चढलं की वळसा कमी. मग ती लवकर पोचते. म्हणून तिचा झोका कधी जुळतो, कधी चुकतो."

"पण वळशात फरक पडून पडणार किती?" आईने विचारलं. "मैलभर लांबीच्या वाटेत?"

आजोबांनी चांगला हात वर केला आणि एक बोट उभं केलं, त्याच्याजवळ दुसरं बोट अर्धं दुमडलेलं.

"दीड बोट," कुर्ली म्हणाली. "ही लहरच मुळी तीन बोटं लांब आहे. तिच्या निम्म्याने वाट बदलली की जुळलेला झोका बरोबर उलटा पडतो. अख्खी खाडी भरून येते, आणि बदलतं ते दीड बोट."

मुकादम झोपाळ्यावरून उठले आणि त्यांनी मापकयंत्र उचललं. हिरवी रेघ खाली येऊ लागली होती. आधी हळू, मग घसरगुंडीवरून उतरावी तशी. धक्क्याच्या वरच्या पायरीला पाणी लागलं आणि रेघ तळाला जाऊन पडली. कोणाच्या तरी खिशातल्या फोनवरचं गाणं मध्येच तुटलं. टेबलावरची पांढरी पेटी एकदा लुकलुकली आणि म्हणाली, "कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." मग तीही गप्प झाली, कारण तिचा मेंदू खाडीपलीकडे होता.

नेट बंद असतानाच आजोबा बोलले आणि कुर्लीने नेहमीसारखंच सांगितलं, "आजोबा म्हणतायत, इरफान, नुसता बघत काय बसलास? तुझ्या पिशवीत जादा थाळी असते ना?"

मुकादम अनवाणीच पळाले. ते टाकीच्या शिडीवर चढले, पण वरपर्यंत गेले नाहीत. अर्ध्यावर थांबले आणि तिथल्या गजाला त्यांनी दुसरी थाळी बांधली, तोंड मनोऱ्याकडे, वायर खाली सोडलेली. खाली नीरजा त्या वायरला जोडलेलं मापकयंत्र धरून उभी होती. तिचे पाय नाचत होते. थाळी जरा डावीकडे, जरा उजवीकडे. रेघ हलली. मग उठली. मग सरळ वर गेली.

"आली," ती ओरडली. "काका, आली."

वरच्या थाळीच्या जागी दोन झोके उलटे पडत होते, पण खालच्या थाळीच्या जागी वळसा वेगळा, म्हणून तिथे ते उलटे पडत नव्हते. मुकादमांनी मग दोन्ही थाळ्या टाकीखालच्या राउटरला जोडल्या. वरची आंधळी झाली की खालचीने पाहायचं, खालची आंधळी झाली की वरचीने. दोघी एकदम आंधळ्या होणार नाहीत, एवढं अंतर दोघींत ठेवायचं. काम संपल्यावर ते आजोबांना म्हणाले, "आबा, पाच वर्षं मी तुमच्या संगणकांना नावं ठेवली. आणि या बेटावरची भरती मी आज पहिल्यांदा बघितली."

कोठारेबाई समाजमंदिरात एकट्याच बसल्या होत्या. नेट आल्यामुळे पांढरी पेटी पुन्हा जागी झाली होती. नीरजा आजोबांना घेऊन आत आली तेव्हा बाईंनी ती पेटी आजोबांसमोर सरकवली आणि म्हणाल्या, "आबा, हिच्याशी काहीतरी बोला. मला ऐकायचंय."

आजोबा बोलले. पेटी म्हणाली, "क्षमस्व, समजले नाही. कृपया स्पष्ट बोला." आजोबा पुन्हा, आणखी सावकाश बोलले. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. "क्षमस्व, समजले नाही. कृपया स्पष्ट बोला."

"ते काय म्हणाले?" बाईंनी कुर्लीला विचारलं.

"ते म्हणाले, जेवून जा, बांगडा केलाय."

बाईंनी पेटीची वायर स्वतःच्या हाताने काढली. बराच वेळ त्या ती बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी नीरजाला विचारलं, "हिला हे शिकायला किती वेळ लागला?"

"एक अख्खा पावसाळा, आणि पुढचा थोडा. कारण ती मान डोलवत नाही. कळलं नाही तर पुन्हा विचारते."

"शहरातल्या रुग्णालयात आबांसारखे खूप लोक आहेत," बाई म्हणाल्या. "आमच्या सुलभला फक्त स्पष्ट बोलणारी माणसं कळतात. कुर्लीने शिकलेलं तिच्याकडेच राहू दे, ते कोणी नेणार नाही. पण ती शिकते कशी, ते आम्हाला शिकवाल का?"

नीरजाने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी या वेळी कोडं घातलं नाही. त्यांनी सरळ होकार भरला.

पुढच्या पौर्णिमेला उधाण आलं, धक्क्याच्या पायऱ्या बुडाल्या आणि नेट गेलं नाही. त्या दुपारी नीरजा, आजोबा आणि कुर्ली पडद्यासमोर बसले होते. पडद्यात शहरातल्या रुग्णालयातल्या, झटक्याने जीभ जड झालेल्या एक बाई होत्या. चार दिवसांपासून त्या काहीतरी सांगत होत्या आणि कोणालाच ते कळत नव्हतं. त्यांच्या लेकीचे डोळे रडून सुजले होते. बाई बोलल्या.

"कळलं नाही," कुर्ली म्हणाली. "हे आजोबांच्या बोलण्यासारखं नाही. पुन्हा म्हणा."

बाईंनी चमकून वर पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना पुन्हा बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. त्या पुन्हा बोलल्या. कुर्लीने पुन्हा विचारलं. आजोबा पुढे झुकून कान देत होते, मधेच कुर्लीला काहीतरी सुचवत होते. नीरजाची सारखी चुळबुळ चालली होती, पण ती जागची उठली नाही. कितीदा तरी विचारून झाल्यावर कुर्ली म्हणाली,

"मला वाटतं, त्या म्हणतायत, खिडकी उघडा."

पडद्यातली लेक उठली आणि तिने खिडकी उघडली. खाटेवरच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्या भराभर पुढचं बोलू लागल्या.